मीठ चवीपुरतं

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात जेवणाची गर्दी सुरू होण्याआधी रोज एक प्रश्न विचारला जाई, आणि तो एकाच शब्दाचा असे. तिथली मुख्य स्वयंपाकीण पळीभर रस्सा बशीत काढायची, शेजारच्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात कामाला असलेल्या, जेवायला आलेल्या आपल्या नणंदेपुढे धरायची आणि विचारायची, "मीठ?" नणंद जीभ टाळूला लावून क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "बरोबर." बहुतेक वेळा ते बरोबरच असायचं.

नणंद वयाने लहान होती. वहिनी तिला जुन्या चालीने "वन्सं" म्हणायची, तेही चारचौघांत, ती चिडावी म्हणून. चिडून चिडून शेवटी तिला त्या हाकेची सवय झाली, तेव्हा आपणही तिला वन्संच म्हणू. वन्संला स्वयंपाक येत नव्हता. तिने केलेला भात वाढायला सुरी लागते, असं तिचा सख्खा भाऊच सांगत फिरायचा. पण दिवसभर औषधं तोलून तिची जीभही तराजूवर गेली होती. मीठ कणभर कमी असलं तरी तिला कळायचं.

हिवाळ्यात वहिनीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. मिरची नुसती झोंबायची, लिंबाने नुसते दात आंबायचे, आणि मीठ तर वाळूसारखं लागायचं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हिवाळा सरला, उन्हाळा लागला, चव काही परतली नाही. ही गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. दादाच्या, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याच्या, तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं.

"जीभ गेलेल्या स्वयंपाकिणीला कोण ठेवेल?" एकदा भांडी विसळताना वहिनी म्हणाली. "आणि मला दुसरं येतं काय?"

तेव्हापासून बशीतला तो प्रश्न गमतीचा राहिला नाही. उत्तर येईपर्यंत वहिनी वन्संच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

तशात हॉटेलच्या मालकांनी, कुणाला न विचारता, टीव्हीवरच्या उन्हाळी स्वयंपाक-स्पर्धेत वहिनीचं नाव देऊन टाकलं. हॉटेलांतले, बेकऱ्यांतले निवडक आचारी, जोडीजोडीने उतरायचं, हरेल त्याने घरी जायचं. मालकांना फुकटची जाहिरात दिसत होती. वहिनीच्या मात्र पाचावर धारण बसली. नाही म्हणावं तर कारण द्यायला हवं, आणि कारण दिलं की हातातली चूल गेली. तिने जोडीदार म्हणून वन्संचं नाव सांगितलं. वन्सं म्हणाली, मला कांदासुद्धा धड चिरता येत नाही. वहिनी म्हणाली, कांदा मी चिरते, तू फक्त चाख.

चित्रीकरण शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या गोदामात होतं. अर्ध्या भागात चकचकीत ओटे, टोपल्यांत अर्धी खरी अर्धी मेणाची फळं, भिंतीवर भलंमोठं घड्याळ. उरलेल्या अर्ध्यात वायरींची गुंतवळ, मोडक्या खुर्च्या आणि चहाची गार झालेली किटली. माइकमध्ये आवाज येतो म्हणून काम सुरू झालं की पंखे बंद. वर तापलेला पत्रा, समोर दिवे. चॅनेलने सगळ्यांना काळे एप्रन दिले होते, आणि बघता बघता त्यांच्यावर घामाचे पांढरे नकाशे उमटायचे. कानाला यंत्र लावलेला एक लुकडा माणूस सगळी व्यवस्था बघायचा. तो सगळ्यांवर ओरडायचा आणि ओरडून झालं की सगळ्यांना सरबत पाजायचा.

पहिल्या फेरीत त्यांनी घेवड्याचं सूप आणि भरलेल्या भोपळी मिरच्या करायला घेतल्या. मध्येच शेगडी विझली. मग एक मिरची फुटली. लुकड्याने वेळ ओरडायला सुरुवात केली तेव्हा दोघींचे चार हात कुठे कुठे होते ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. ताटल्या घेऊन परीक्षकांकडे चालताना वहिनी ओठ न हलवता म्हणाली, "मीठ घातलंस ना?"

"मी? मी कशाला घालू? मी फक्त चाखते."

"मग चाखलंस कधी?"

चाखलंच नव्हतं. चूक घरोघरी होते तीच: प्रत्येकीला वाटलं, दुसरीने बघितलं असेल. आता मागे फिरायची सोय नव्हती, कारण कॅमेरा समोरून येत होता.

परीक्षकांत पांढऱ्या केसांच्या एक मॅडम होत्या. त्यांना सगळेच दबकून असत. स्पर्धेतल्या एका बेकरीवाल्या बापलेकांचा केक त्यांनी एका घासानंतर बाजूला सारला होता. त्यांनी सुपाचा चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"मीठ," त्या म्हणाल्या. "इतकं नेमकं मीठ मी कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं."

घरी जाताना बसमध्ये दोघी हसून हसून रडकुंडीला आल्या. दोघींपैकी कुणीतरी घातलं असणार आणि गडबडीत विसरली असणार, असं वन्संने ठरवून टाकलं. तिला अशा गोष्टींची उत्तरं लागायची. वहिनीला नको होती. ती खिडकीशी बसून गाणं गुणगुणत होती, तापानंतर पहिल्यांदाच.

पुढच्या वेळी लुकडा मिठाची वाटी घेऊनच सामोरा आला. मॅडमनी मिठाचं इतकं कौतुक केलं, तर वहिनी मीठ घालतानाचं दृश्य दाखवायला हवं. पण सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण पालथं घातलं तरी तो क्षण सापडत नव्हता. आड गेला असेल, म्हणत त्याने वहिनीला एका रिकाम्या पातेल्यावर चिमूट सोडायला लावली. तीच चिमूट मग घराघरांत दिसली. दादाने ती सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवली.

वन्संने मात्र दुकानातला छोटा तराजू आणला. दुसऱ्या फेरीआधी तिने ओट्यावरची मिठाची डबी तोलली आणि वहिनीला बजावलं, मिठाला हात लावायचा नाही, शेवटी लागलं तर बघू. पातेल्यावर झाकण ठेवण्याआधी तिने चाखलं. साफ अळणी. झाकण काढल्यावर पुन्हा चाखलं. बरोबर. तिने डबी परत तोलली, तर ती होती तेवढीच होती.

ही जागा पूर्वी कसली होती, हे तिने लुकड्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. टायरचं गोदाम, तो म्हणाला. टायरवाल्याचं भूत मिठाच्या बाबतीत एवढं काटेकोर असेल, हे काही वन्संला पटेना.

वहिनीपुढे तिने सगळं मांडलं. वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "मिळतंय ना? मग चौकशा कशाला करतेस? देणाऱ्याचा हात आखडतो अशाने."

त्यानंतर तिने मिठाला हात लावणंच सोडलं. आणि काय सांगावं, ते दिवसच आनंदाचे होते. फेरीमागून फेरी त्या जिंकत गेल्या. बेकरीवाले बापलेक हरले तेव्हा त्यांनी रुसण्याऐवजी टोपलीभर गरम पाव आणून दिले. हॉटेलात बसायला जागा मिळेना. मालक "खाल्ल्या मिठाला जागली हो" म्हणत टेबलाटेबलाशी फिरायचे आणि आत दोघी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. वहिनी पुन्हा पूर्वीसारखी झाली, मोठ्याने हसणारी, पळी वाजवून ताल धरणारी. आपली वहिनी आपल्याला परत मिळाली, असं वन्संला वाटायचं, आणि मग तिलाही तराजू काढावासा वाटत नसे.

फक्त ढब्बूचं काहीतरी बिनसलं होतं. हॉटेलच्या मागच्या पायरीवर राहणारा हा कुत्रा. वहिनी काम आटोपून चपला काढून बसली की तो वर्षानुवर्षं तिचे घामट पाय चाटायचा. आता तो यायचा, हुंगायचा आणि वन्संच्या पायांशी जाऊन बसायचा. मी टीव्हीवर आले ते त्याला खपलं नाही, वहिनी म्हणायची. हल्ली तिच्या पोटऱ्यांत गोळेही यायचे आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी. वन्संने दुकानातून जलसंजीवनीची पाकिटं आणून तिला समोर बसवून पाजली. उन्हाळा आहे, ती म्हणाली. उन्हाळा होताच.

अंतिम फेरीच्या सकाळी कपडे सांभाळणारी बाई एप्रन वाटत होती.

"ताई, तुमचा एप्रन बरा बाई," ती वहिनीला म्हणाली. "कधी डाग म्हणून नाही. बाकीच्यांचे घासून घासून माझी बोटं गेली."

दोरीवर आदल्या दिवशीचे एप्रन तसेच वाळले होते. सगळ्यांवर पांढऱ्या रेषा होत्या. वहिनीचा काळा कुळकुळीत होता. काल तो घामाने इतका भिजला होता की वन्संने स्वतः पिळून वाळत घातला होता. ती तो हातात धरून उभी राहिली. तिच्या मनात एक विचार डोकावला आणि तिने तो पुरता आत येऊ दिला नाही.

मग लुकड्याने अंतिम फेरीचा नियम वाचला. गोदामातल्या सगळ्या प्रेक्षकांना पुरेल असं एकच मोठं पातेलं. जोडीतल्या एकानेच रांधायचं, दुसऱ्याने ओट्यांपुढे बांधलेल्या दोरीपलीकडे प्रेक्षकांत बसायचं, आणि वाढेपर्यंत कुणीही चाखायचं नाही.

वन्संने वहिनीला कोपऱ्यात ओढलं. "आज मीठ तू घाल. आपल्या हाताने. चांगलं मुठीने घाल."

"आणि तेही पडलं तर? खारट होईल सगळं. मला थोडंच कळणार आहे?"

"होऊ दे खारट. हरलो तर हरलो."

वहिनीने तिचा गाल थोपटला. "वन्सं, मला जिंकायचंय गं," ती म्हणाली आणि ओट्याकडे गेली.

पंखे बंद झाले. पातेलं एवढं मोठं होतं की दोघांनी उचलून शेगडीवर ठेवलं. टोमॅटो, बटाटे, घेवडा, मक्याचे दाणे. वहिनीचे हात असे चालत होते की प्रेक्षक श्वास रोखून बघत होते. वाफेला वास असा सुटला की मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी उघडपणे आवंढा गिळला आणि सगळे हसले. वहिनीही हसली.

मग तिने मिठाच्या डबीत हात घातला आणि मूठ भरली.

कॅमेरा धावत पुढे आला. इतक्या दिवसांनी त्यांना खरं दृश्य मिळत होतं. वहिनीची मूठ पातेल्यावर आली आणि थांबली. तिने दोरीपलीकडे वन्संकडे बघितलं. वन्संने मान हलवली, घाल, घाल.

वहिनीने मूठ डबीत रिकामी केली आणि हात झटकले.

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावेत तसे दोन्ही तळवे झाकणावर ठेवले. झाकण चटका बसेल इतकं तापलेलं असणार. तिने हात काढले नाहीत.

झाकण थोडा वेळ थडथडलं आणि मग शांत झालं.

वहिनीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ओठ पांढरे पडले होते. एका हाताने तिने ओट्याची कड धरली, आणि ती हसत होती.

वाढप झालं. वाट्या रांगारांगांतून मागे गेल्या. वन्संच्या हातातही एक आली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, अळणी असू दे.

तिने चाखलं.

बरोबर होतं.

सगळीकडे फक्त चमच्यांचा आवाज होता. आजोबांनी वाटी पुढे करून आणखी मागितलं, मग त्यांच्या शेजारणीने, मग सगळ्यांनीच. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि न बोलताच टाळ्या वाजवू लागल्या. वरून रंगीत कागद पडू लागले. दादा खुर्चीवर चढून कुणालातरी "माझी बायको, माझी बायको" म्हणून सांगत होता. लुकडा रडत रडत सगळ्यांवर ओरडत होता.

वन्सं दोरीखालून पळत गेली आणि तिने वहिनीला कवटाळलं. वहिनी हलकी लागली, भिजलेली, थरथरणारी. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. इतक्या आनंदाने रडताना वन्संने तिला कधी बघितलं नव्हतं. तिने गालाला गाल लावला तेव्हा ते पाणी तिच्या ओठांवर आलं.

जीभ आपोआप टाळूला लागली.

त्यात काहीच नव्हतं. नळाच्या पाण्यासारखं.

"सगळे टाळ्या वाजवताहेत," वहिनी तिच्या कानाशी म्हणाली, "पण तू अजून सांगितलं नाहीस. मीठ?"

वन्संने तिला आणखी घट्ट धरलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.