ओळंब्याला पसंत पडलेलं घर

ही गोष्ट कुणालाही पटायची नाही, हे आधीच सांगून टाकतो. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. सुतारा, तू तर हसणारच. या हार्डवेअरच्या दुकानाची चौकट बसवल्यापासून जगात सरळ वस्तू एवढी एकच आणि तीही तुझ्या हातची, असा तुझा समज आहे. बस तिलाच टेकून, आणि ऐक.

गोष्ट आपल्या मिस्त्रीची. त्याने गिलावा करायचा आणि मी मागून रंग द्यायचा, अशी तीस वर्षं आम्ही काढली. त्याच्या भिंतीवरून हात फिरवला तर लोण्यावरून फिरवल्यासारखा वाटायचा. जे घडलं ते सगळं मला त्यानेच सांगितलं, आणि मिस्त्री कधी खोटं बोलायचा नाही. ते खातं आमच्यात माझ्याकडे होतं.

लोक खिशात किल्ल्या बाळगतात, मिस्त्री ओळंबा बाळगायचा. भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारा, पितळेचा, टोकदार, मुठीत मावेल एवढा, आणि वर गुंडाळलेली सुती दोरी. कुठेही गेला की पहिल्यांदा भिंतीला ओळंबा लावायचा. मुलगी बघायला गेला तेव्हासुद्धा आधी सासऱ्याची भिंत बघितली आणि मग मुलगी, असं वहिनी सांगायच्या. "भिंत नापास झाली, मी पास झाले," असं म्हणून हसायच्या. पण ते हसू पुढे पुढे आटत गेलं. कारण तेहतीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली आणि विकत घ्यायला म्हणून बघितलेली एकोणीस घरं त्या ओळंब्याने नापास केली. कुठे कोपरा दोन सूत बाहेर, कुठे चौकट आत.

"लोकांच्या बायकांना सवत छळते," वहिनी म्हणायच्या, "मला हा पितळेचा गोळा."

शेवटी त्यांनी मिस्त्रीकडून वचन घेतलं. ज्या घराच्या चारही कोपऱ्यांना ओळंबा बरोबर लागेल, त्या घराला चकार शब्द न काढता सही करायची. मिस्त्री खुशाल 'हो' म्हणाला. असं घर कुणी बांधलेलंच नाही याची त्याला खात्री होती.

आणि मग वहिनींनी त्याला त्या नव्या वसाहतीत नेलं. इथून बसने तासाभराच्या अंतरावर.

काय सांगू तुम्हाला! फाटकातून आत पाऊल टाकलं की हवासुद्धा धुऊन वाळत घातल्यासारखी. मधोमध गोल्फचं मैदान, डोळ्याला कुठेही न अडणारं, आणि गवत असं, की त्यावर चालताना आपण चप्पल घातली याची लाज वाटावी. भोवतीने दुमजली बंगले, प्रत्येकाची गॅलरी मैदानाकडे तोंड करून. पोहण्याचा तलाव, त्याचं पाणी चारही काठांना सारखंच टेकलेलं. आवाज न करता फिरणाऱ्या छोट्या गाड्या. आणि माणसं? सगळी हसरी. कुणाच्या कपाळाला आठी नाही. एकच म्हातारा आमच्या मिस्त्रीला जरा कुरकुरताना दिसला, तर तो म्हणत होता की सकाळ फार लवकर संपते.

घरं दाखवणारी मुलगी चुणचुणीत होती. "काका, तुम्ही आरामात बघा," ती म्हणाली.

"आरामातच बघतात ते," वहिनी म्हणाल्या. "तेहतीस वर्षं झाली."

अकरा नंबरचा बंगला. मिस्त्रीने दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ओळंबा सोडला आणि दोरी स्थिर व्हायची वाट बघितली. मग एक डोळा मिटून खाली वाकला. उठला, दुसऱ्या कोपऱ्यात गेला. तिसऱ्या. चौथ्या. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिन्याखालची अडगळीची जागा, जिथे कुठलाही गवंडी हात आखडता घेतोच. मग नाणं काढून त्याने एकेक फरशी वाजवली. एकही फरशी पोकळ बोलेना.

वहिनी ओट्याला टेकून उभ्या.

मिस्त्री परत दिवाणखान्यात आला, भिंतीवरून तळहात फिरवला आणि हात जोडले. भिंतीला. "कुणाचा हात आहे हा?" त्याने विचारलं. "मला त्याच्या पाया पडायचंय."

मुलगी हसली. "सगळे हेच विचारतात, काका. कंत्राटदार म्हणतो, बांधली साधीच होती. नंतर बसली ती अशी."

आता आपल्या धंद्यात 'घर बसलं' म्हणजे पाया खचला. बसलेल्या घराला तडा जातो. इथे मात्र बसून सरळ झालं होतं. पण मिस्त्री त्या क्षणी आनंदात होता, आणि आनंदात माणसाचे कान मिटतात.

खाली मैदानावर मुलीने वहिनींच्या हातात काठी दिली. "मारा ना काकू, गंमत म्हणून."

वहिनींनी उभ्या आयुष्यात लाटण्याखेरीज काही हाणलेलं नाही. चेंडू भलतीकडेच गेला, फुलझाडांकडे. तिथे जरासा रेंगाळला, रस्ता विचारल्यासारखा. मग वळला आणि संथपणे येऊन झेंड्याखालच्या भोकात पडला.

"अगंबाई!" वहिनींनी टाळ्या पिटल्या.

"इथे कुणाचाच चुकत नाही," मुलगी म्हणाली.

मिस्त्रीही हसला. फक्त त्याचा कान, जो फरशीखालची बोटभर पोकळी ओळखतो, तो कान वाट बघत राहिला. चेंडू तळाला लागल्याचा आवाज आलाच नाही.

दुसऱ्या खेपेला ती दोघं गेली ती पडद्यांची मापं घ्यायला. वहिनी वितीने खिडक्या मोजत होत्या आणि मिस्त्री वरच्या गॅलरीत उभा होता. कुंपणाबाहेर, माळावर पाण्याची टाकी दिसत होती. ती टाकी आमची. बारा वर्षांपूर्वी त्याने गिलावा केला, मी रंगवली. मिस्त्री वर परांचीवर आणि मी खाली. माळावरच्या वाऱ्यात हाक ऐकू जायची नाही, म्हणून तो वरून ओळंबा सोडायचा, मी खाली तो धरून बघायचो आणि दोरीला दोन हिसके द्यायचो. दोन हिसके म्हणजे 'बरोबर आहे, चालू दे.' त्या टाकीसारखी सरळ वस्तू पंचक्रोशीत नाही. हो सुतारा, तुझी चौकट धरून.

ती टाकी त्या दिवशी डावीकडे कलली होती.

मिस्त्रीने डोळे चोळले. गॅलरीच्या खांबाला ओळंबा लावला. खांब तंतोतंत. दोरीच्या कडेने टाकी बघितली. माथ्याला सहज बोटभर कललेली. घर घ्यायचं सोडून तो तसाच फाटकाबाहेर पळाला, माळावर गेला, टाकीला ओळंबा लावला.

टाकी सरळ होती.

मग त्याने मागे वळून वसाहतीकडे बघितलं. तिथले सगळे बंगले, पंचवीसच्या पंचवीस, आतल्या बाजूला किंचित वाकलेले होते. गावातल्या विहिरीत काही पडलं की काठावर माणसं कशी गोळा होतात आणि वाकून बघतात, तसे.

आता तुम्ही म्हणाल, मग सोडायचं ते घर. असं म्हणणं सोपं आहे. घरी परतताना वहिनींनी बसमध्ये पडद्यांचे रंग सांगितले. मोरपंखी की आंबा, एवढंच त्या विचारत होत्या. तेहतीस वर्षांत मिस्त्रीने त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. तो म्हणाला, मोरपंखी.

तिसऱ्या खेपेला सही करायची होती. मिस्त्री वेळेच्या आधी एकटाच मैदानावर गेला. सकाळचं कोवळं ऊन होतं, दव चमकत होतं. मैदानाचा माळी भोक पाडत होता. या खेळात म्हणे भोकाची जागा रोज बदलतात, गवत एकाच ठिकाणी तुडवलं जाऊ नये म्हणून. माळ्याने नळीसारखं एक अवजार गवतात दाबलं, पिळलं, आणि मातीची गुळगुळीत वडी वर काढली. तीच वडी त्याने कालच्या भोकात बसवली. वरून गवत असं जुळलं, की मिस्त्रीच्या तोंडून 'वाहवा' निघालं.

"काल भोक तिकडे होतं," मिस्त्री म्हणाला. "मग तिकडे वाकलेल्या घरांचं आज काय?"

माळ्याने एकदाच वर बघितलं. "ती सकाळीच वळून घेतात."

मिस्त्रीने टाकीकडे बघितलं. ती आज उजवीकडे कलली होती.

"किती खोल खणता?"

"वीतभर."

"आणि चेंडू? ते काढायला लागत असतील ना?"

माळी अवजार पुसत होता. "मी वीतभरच खणतो," तो म्हणाला. "खालचं माझं नाही."

तो गेला. मिस्त्री गुडघ्यांवर बसला. भोकात हात घालावा असं त्याला एकदा वाटलं, पण घातला नाही. खिशातून ओळंबा काढला आणि सोडला.

दोरी सुटत राहिली.

वीतभर. हातभर. पुरुषभर. टाकीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पुरलेली दोरी ती. तिचं शेवटचं टोक मिस्त्रीच्या बोटाला आलं आणि ताणलं. तळ नाही.

मैदानावर कुणी नव्हतं. चिमणीसुद्धा नाही.

मग खालून दोरीला हिसका बसला.

आणि थांबून, बेताने, दुसरा.

मिस्त्रीने दोरी गुंडाळायला घेतली. वर ओढला तेव्हा ओळंबा आला, दोरीला बांधलेलाच. पण तीस वर्षांचे पोचे, गिलाव्याचे डाग, मी एकदा सांडलेला निळा ऑइलपेंट, सगळं गेलं होतं. पितळ आरशासारखं लखलखत होतं. कुणीतरी अगदी मायेने घासलं होतं.

तो अकरा नंबरमध्ये धापा टाकत गेला. वहिनी ओट्यापाशी होत्या.

"अगं, चल. हे घर नको."

"नापास झालं?"

मिस्त्री खोटं बोलायला शिकलेला नव्हता. "पास झालं," तो म्हणाला. "पण ते... इथे सगळं त्या भोकाकडे कललेलं आहे. बाहेरून दिसतं. तू बाहेर येऊन बघ."

वहिनींनी फडकं घडी करून ठेवलं. "बघितलंय मी. पहिल्याच दिवशी, बसमधून उतरताना."

"आणि बोलली नाहीस?"

"अहो, सरळ भिंतींचं मला कौतुक नाही. दुसऱ्यांच्या भिंतींत तेहतीस वर्षं राहिले, दर वेळी खिळा ठोकायला परवानगी मागितली." त्या खिडकीकडे वळल्या. मैदान उन्हात चमकत होतं. "इथे माझे गुडघे दुखत नाहीत. चालताना कुणीतरी हात धरून नेतंय असं वाटतं. तुम्ही कधी नेलंत का तसं?"

मिस्त्रीने खिशातला ओळंबा चाचपला.

"खालून काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं. दोरी सोडल्याचं त्याने सांगितलेलं नव्हतं.

"बरोबर आहे म्हणाले," मिस्त्री म्हणाला. "चालू दे म्हणाले."

"मग करा सही."

त्याने केली.

झाली की आता याला दोन वर्षं. मी महिन्यातून एकदा त्याच बसने जातो. दोघं मजेत आहेत. मिस्त्रीचा रंग उजळलाय, वहिनींनी मोरपंखी पडदे लावलेत आणि भिंतींत मन मानेल तितके खिळे ठोकलेत. निघताना ती दोघं फाटकापर्यंत सोडायला येतात, आणि मी बाहेर आल्यावर वळून बघतो तेव्हा दोघंही मागच्या बाजूला जरा झुकलेली दिसतात. मी तसं म्हणालो तर मिस्त्री हसला. म्हणाला, "आम्हाला तूच तिरका दिसतोस." गेल्या खेपेला त्याने ओळंबाच माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा. इथे याला काम उरलं नाही."

हा बघा. हातात घेऊन बघा. आहे की नाही आरसा?

आणि घाबरायचं काही कारण नाही, बरं का. जे काय आहे ते त्या कुंपणाच्या आत. फाटकाबाहेर एक पाऊल टाकलं की सगळं जगासारखं सरळ. मी स्वतः लावून बघितलंय. विश्वास नसेल तर हा घे, सुतारा, टांग तुझ्याच चौकटीच्या त्या वरच्या खिळ्याला. हलवू नकोस. ठरू दे.

ठरला? बघ आता एक डोळा मिटून. सरळ आहे ना?

अरे, बोल की. एवढा वेळ काय बघतोस?

"खोटं," सुतार म्हणाला. तो चौकटीपासून दूर सरकला. "खोटं बोललास रंगाऱ्या. माझी चौकट आहे ही. वर दोरी लाकडाला चिकटलीय आणि खाली बोटभर लांब गेलीय. तुझी बस जिकडे जाते, त्या बाजूला."