अहवालातल्या दोन ओळी

नोकरीच्या पहिल्याच दुपारी मी कुणाचा तरी क्लाउडवरचा सर्व्हर बंद केला, आणि समोरच्या टेबलावरून एक उंच माणूस तरातरा उठून आला.

"माझी सकाळपासूनची चाचणी चालू होती त्यावर!"

"त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. बेवारस सर्व्हर बंद करायचे, हेच माझं काम."

"मग मीही कपाळावर नाव लिहून फिरू का?"

"फिरा ना... कुणी पळवलं तर परत आणता येईल."

तो हसला. तिथेच माझी वाट लागली.

टीम सहा जणांची, आणि क्लाउडचं भाडं पगारांच्या बरोबरीला आलेलं. ते आटोक्यात आणायलाच मला घेतलं होतं. सर्व्हर सांभाळणारा तो एकटा. मला 'कात्रीबाई' म्हणायचा. दोन महिने आम्ही खुर्चीला खुर्ची लावून बसलो. काम नसेल तेव्हा सर्व्हर आपोआप बंद व्हावेत, लागतील तेव्हा सुरू व्हावेत, खर्च वाढला की इशारा यावा... असा प्रोग्राम त्यानं लिहिला. माझ्यासाठीच हो! एरवी हा माणूस इतका आळशी, की स्वतःचा कप विसळायलाही दोनदा सांगावं लागे.

"आता मला वेळच वेळ," टेबलाखाली माझं बोट धरून तो म्हणाला. "तुझ्यासाठी."

भाडं निम्म्यावर आलं. मालकांनी अहवाल मागितला. त्याचं कौतुक करायची मला कोण घाई! लिहून बसले – 'हे सगळं त्याच्या प्रोग्राममुळे. आता सर्व्हरकडे कुणालाच बघावं लागत नाही.'

मालकांनी ते नीट वाचलं.

सोमवारी तो टेबल आवरत होता.

"मला खरंच वाटलं नव्हतं रे... मी जाऊन सांगते त्यांना."

"काय सांगशील? प्रोग्राम वाईट आहे म्हणून?"

प्रोग्राम उत्तम होता.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले. भर ऑफिसात, सगळ्यांदेखत.

त्यानं चार्जरची वायर सावकाश गुंडाळली. "माझंही आहे गं. पण तुला पाहिलं की... त्या ओळीच आठवतात. थोडे दिवस नको भेटूया."

थोडे म्हणजे किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंही पुन्हा फोन केला नाही.

महिनाअखेरीस मालकांनी मी केलेली बचत सगळ्यांना वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. त्या बचतीत त्याचा पगारही धरला होता.