टेकडीचा थांबा

"अहो, थांबवा! थांबवा की गाडी!"

आरशात दिसला तो... एका हातात पिशवी, बुटाची नाडी सुटलेली. थांबवली मी बस, पण वीस पावलं पुढे. चढला तोच भांडत.

"मी हात केला होता. दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला. आठ वाजून एक मिनिट झालं होतं, तेही दिसलं."

"मालक कोण या बसचा? मला मालकाशी बोलायचंय!"

"मागे वळा," मी म्हटलं.

शिंपीणबाईंनी हात वर केला. पोस्टमननं केला, शाळेच्या बाईंनी केला, दवाखान्यात निघालेल्या आजोबांनी काठीच वर केली. पुढच्या सीटवरच्या माझ्या काकूनं तर दोन्ही हात!

"आणि एक मी," मी म्हटलं. "बोला, कोणापासून सुरुवात करताय?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. गावात नवा, त्याला काय ठाऊक! कंपनीनं तोट्याची म्हणून बस बंद केली, तेव्हा गावानंच शेअर घेऊन ती विकत घेतली. प्रत्येकाला मत एकच. मग शेअर कितीही असोत.

तो टेकडीवर, गावातल्या शेवटच्या थांब्याशी राहायचा. आणि कामाला काय, तर घड्याळं दुरुस्त करायचा!

"आणि रोज एक मिनिट उशीर?"

"दुसऱ्यांची दुरुस्त करतो हो. स्वतःच्या घड्याळाला वेळ कुठाय?"

हसू आलं मला. दाबलं.

महिन्याभरात तोही सभासद झाला. सभासदांना बस धुवायची पाळी असते, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात. त्याची जोडी माझ्याशी लागली. चिठ्ठी काकूनं उचलली होती, यापेक्षा जास्त मी बोलत नाही.

"पुढची काच मी धुणार," तो म्हणाला.

"का बरं?"

"इथूनच बघता ना मला... रोज?"

"मी रस्ता बघते."

"मग मी रस्त्यातच उभा राहतो."

"ब्रेक मारावा लागेल मला."

"तेच तर हवंय..."

सगळी बादली त्याच्या अंगावर ओतली मी. पण या वेळी हसू दाबता आलं नाही, खोटं कशाला बोलू!

आणि मग ती सभा आली. विषय एकच – टेकडीचा थांबा बंद करायचा का? तिथे चढतो एकटा तो. थांबा गेला तर आठ मिनिटं वाचतात आणि म्हातारी माणसं दवाखान्यात वेळेवर पोचतात. आमचा नियम असा, की ज्याचा स्वार्थ असेल त्यानं आधी उठून सांगायचं. मग मत द्यायचं नाही.

तो लगेच उठला. "टेकडीवर मी राहतो. माझं मत धरू नका." माझ्याकडे न बघताच बसला.

थांबा गेला तर तो कशाला येईल? सायकल घेईल आणि जाईल आपला. मला गुपचूप हात वर करता आला असता, कोणाला कळणार होतं? पण तो खरं बोलला होता ना...

मी उठले. "माझाही स्वार्थ आहे."

अध्यक्ष काकूच होती. "तुझा? तू कुठे टेकडीवर राहतेस?"

"मी नाही राहत... तो राहतो."

पोस्टमन आमचा सचिव. त्यानं पेन उचललं. "मग इतिवृत्तात काय लिहू?"

"लिहा... आवडतो मला."

शिंपीणबाईंनी टाळीच वाजवली! पण मतं पडली तेव्हा थांबा एका मतानं गेला. आमच्या दोघांच्या मतांनी वाचला असता.

तो दाराशी आला. "हरलो आपण."

"आपण?"

"आपण." आणि हळूच, "आता खालच्या थांब्यापर्यंत चालत येईन. उशीर झाला तर... थांबशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "सगळ्यांची बस आहे," मी म्हटलं. "मी एकटी कशी थांबवू?" डोळे भरून आले होते, म्हणून तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. खालचा थांबा रिकामा. मी गिअरवर हात ठेवला. जड झाला होता हात.

"थांब गं," मागून आजोबा म्हणाले. "आठ मिनिटं वाचलीत ना? त्यातलं एक देऊ त्याला."

"मत घ्या!" काकू कडाडली.

मी आरशात बघितलं. सगळ्यांचे हात वर होते. मीही माझा उचलला. या वेळी स्वार्थ सगळ्यांना माहीतच होता.

आठ वाजून एक मिनिटानं तो उतारावरून धावत आला. नाडी सुटलेलीच होती. मी दार उघडलं.