तिसऱ्या हाकेची ओ

रेनेसाँ फेअरची नुसती जाहिरात दिसली तरी पद्मिनी अजून गाडी बाजूला घेते, काचा वर करते आणि बराच वेळ तशीच बसून राहते. एके काळी हीच बाई त्या फेअरसाठी जीव टाकायची, हे आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

ती मूळची अमेरिकेतल्या नेपरव्हिलचीच, तिथेच जन्मलेली. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढायची, हाडामांसापलीकडे माणसात काही नसतं असं छातीठोकपणे सांगायची, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी कातडी चिलखत चढवून राजा व्हायची. हायवे सोडला की मक्याची शेतं, आणि त्यांच्या पलीकडे ओकच्या झाडांखाली ते फेअर. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड म्हणे. खांद्यावर ससाणा घेतलेले सरदार, टर्कीच्या तंगड्या चघळत फिरणारे पाद्री, आणि झाडून सगळ्यांच्या हातात मोबाईल. तिथल्या एका बुटक्या लाकडी स्टेजवर पद्मिनीची मंडळी त्या काळातली इंग्रजी नाटकं कापून-छाटून अर्ध्या तासात बसवायची. पद्मिनीचा राजा शेवटी लढाईत मरायचा. त्याला मारणारा ब्रायन मग प्रेतापाशी उभा राहून लांबलचक भाषण ठोकायचा, आणि तोवर ही बिचारी उन्हात डोळे मिटून पडलेली.

समोर गवताच्या गठ्ठ्यांपाशी घडीची खुर्ची टाकून तिचे बाबा बसायचे. मनोहरराव. बायको गेल्यापासून त्यांना ही एकच लेक, आणि तिचा एकही प्रयोग त्यांनी चुकवला नव्हता. नागपुरात असताना ते स्वतः हौशी नाटकांत कामं करायचे, त्यामुळे त्यांचा एक दंडक होता.

"स्टेजवर मेलेलं माणूस आपलं आपण उठत नाही, पमे. घरच्या माणसाने तीन हाका मारायच्या. तिसरीला ओ द्यायची, मगच उठायचं. एका हाकेवर कधी उठू नकोस. आपलं माणूस असेल तर ते तीनदा बोलावतं."

"बाबा, इट्स सो एम्बॅरसिंग," असं पद्मिनी सुरुवातीला म्हणाली होती. पण हळूहळू तिला त्याची गोडी लागली. भाषण संपून टाळ्या सुरू झाल्या की त्या गलक्यातून हाक यायची. पमे. पमे. पमे. ती "ओ" म्हणून उठायची. प्रेक्षकांना वाटायचं, नाटकातलंच काहीतरी असेल.

त्या शनिवारी बाबांना सडकून ताप होता.

"आज मरू नकोस," ते पांघरुणातून म्हणाले. "ब्रायनला म्हणावं, नुसतं जखमी कर."

"राजा आहे मी बाबा, मरायलाच लागतं," म्हणत ती हसत हसत निघाली.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. मानेवर मुंग्या चढत होत्या, तळणाचा वास येत होता, ब्रायनचं भाषण संपता संपत नव्हतं. एकदाच्या टाळ्या पडल्या. आणि अगदी स्पष्ट हाक आली.

"पमे."

बाबांचाच आवाज. एवढ्या तापात हा माणूस ड्राइव्ह करून आला कसा, या विचारात तिच्या तोंडून "ओ" निघूनसुद्धा गेली, आणि ती उठून बसली.

समोर खुर्ची नव्हती.

संध्याकाळी तिने हे घरी गंमत म्हणून सांगितलं. बाबा उठून बसले.

"किती हाका आल्या?"

"एक. अरे बाबा, डिहायड्रेशन होतं ते. भास होतात."

"आणि तू ओ दिलीस. कुठून आली हाक?"

समोरून, असं ती सांगणार होती, पण थांबून तिने नीट आठवून पाहिलं. टाळ्यांच्या बाजूने ती हाक आलीच नव्हती. फळ्यांमधून येऊन डोक्याच्या मागच्या बाजूला लागली होती.

"खालून," ती म्हणाली.

बाबा पांघरूण सारून उठले. तशा तापात स्वयंपाकघरात गेले आणि कारल्याच्या काचऱ्या करून घेऊन आले. कारलं पाहिलं की पद्मिनी लहानपणापासून ताटावरून उठायची. त्या दिवशी तिने सगळं संपवलं आणि आणखी मागितलं.

"आज हे कडू कसं नाही लागलं?" तिने विचारलं. बाबांनी आपलं ताट तसंच बाजूला सारलं.

रविवारी तिच्याआधी तेच तयार होऊन बसले होते. प्रयोगापूर्वी त्यांचं समाधान व्हावं म्हणून पद्मिनीने वाकून मोबाईलच्या उजेडात स्टेजखाली पाहिलं. माणूस जेमतेम आडवा मावेल एवढीच जागा. आत ओकचा वाळलेला पाला साचला होता. मधोमध मात्र तो दबला होता, कुणी निजलेलं असावं तसा.

"एखादा रॅकून येऊन झोपत असेल," ती म्हणाली.

"आज परत मर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "मी बोलावतो, नीट. मला माझी पोरगी नीट परत हवी."

पद्मिनीने चिलखताचे पट्टे आवळले. ती स्टेजवर गेली, लढली आणि मेली. ब्रायनचं भाषण संपलं. टाळ्या पडल्या.

"पमे."

ती हलली नाही.

"पमे." बाबांचा आवाज फाटला होता.

"पमे."

तिने तोंड उघडलं.

"ओ, बाबा."

ती ओ तिच्या तोंडून गेली नव्हती.

आवाज तिचाच होता, थोडा रडवेला, गर्दीत चुकलेल्या पोराला आपलं माणूस सापडावं तसा. तो फळीखालून आला, नेमका तिच्या पाठीखालून. बरगड्यांना त्याची थरथर लागली.

ती ताडकन उठली. ब्रायन वाकून लोकांना नमस्कार करत होता. टाळ्या चालूच होत्या.

बाबा स्टेजपाशी येऊन गवतात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी फळीला कान लावला.

"पमे?"

"ओ."

"बाबा, ओ," पद्मिनी ओरडली. "मी इथे आहे. लुक ॲट मी, बाबा." खाली उतरून तिने त्यांचा खांदा धरला.

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर ना भीती होती ना राग. रस्ता दाखवणाऱ्या एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं, तसं ते तिच्याकडे पाहत होते. तिचा हात त्यांनी खांद्यावरून हलकेच बाजूला केला आणि दोन्ही हात जोडले.

"तुम्ही निघा आता," ते म्हणाले. "तुमचीही माणसं कुठेतरी हाका मारत असतील."