शीणपट्टी

संग्राम ब्रेडला लोणी लावत होता आणि लोण्यात लाल रेघ उमटत होती. समोर बसलेल्या रणधीरच्या ते आधी लक्षात आलं.

"हात बघू तुझा."

संग्रामने तळवा उलटा केला. अंगठ्याखालची कातडी सोलून लोंबत होती. त्याने ती नवलाने पाहिली. "सकाळच्या सरावात झालं असंल, दादा. कळलंच न्हाई."

दोघे चुलतभाऊ, सांगलीजवळच्या नावाड्यांच्या घरातले. आज दुपारी हंगेरीतल्या तळ्यावर जागतिक अजिंक्यपदाची अंतिम शर्यत होती : पुरुषांची दुहेरी कॅनो, पाचशे मीटर. इथवर त्यांना शीणपट्टीने आणलं होतं. ही पट्टी नखाएवढी असायची आणि मानेवर, केसांच्या कडेला चिकटवायची. स्नायू दमले, धाप लागली की मेंदूला निरोप जातो आणि मेंदू खऱ्या धोक्याच्या बराच आधी माणसाला थांबवतो. पट्टी तो निरोप वाटेतच दाबायची. रक्तात औषध जात नसल्यामुळे ती नियमात बसत होती. शिवाय ती शिकायची, रोज थोडं अधिक दाबायची.

रणधीर प्रशिक्षक नलवडे सरांकडे गेला. "सर, त्याला जखमसुद्धा कळत नाही. आजच्या दिवस पट्टी नको."

"बाकीच्या आठही होड्या पट्टी लावूनच उतरणार आहेत," सर म्हणाले. "आज काढलीत तर शेवटचे याल. शर्यत झाल्यावर बघू."

सरांच्या आवाजात राग नव्हता. रणधीर स्वच्छतागृहात गेला, स्वतःची पट्टी सोलून काढली आणि केस मानेवर ओढून घेतले. दोघांपैकी एकाला तरी कळत राहायला हवं, एवढंच त्याच्या मनात होतं.

कॅनोत एक गुडघा टेकून बसतात. संग्राम पुढे, रणधीर मागे. सुटल्याबरोबर होडी तिरासारखी निघाली. अडीचशे मीटरला रणधीरच्या दंडात आग पेटली, छाती फुटायला आली. साडेतीनशेला ते अर्ध्या होडीने पुढे होते.

तेव्हा त्याची नजर संग्रामच्या पाठीवर गेली. वल्हं मारून झालं की श्वासाबरोबर त्या बरगड्या फुलायच्या, सहा वर्षं तो ते बघत आला होता. आता त्या फुलत नव्हत्या. त्याने पाच वल्ही पाहिलं, दहा वल्ही पाहिलं. खांदे फिरत होते, वेग वाढत होता आणि मधली पाठ लाकडासारखी स्थिर होती. कानाच्या पाळ्या निळ्या पडल्या होत्या.

"संग्राम, श्वास घे!"

पाठ तशीच स्थिर राहिली. रणधीरने वल्हं उचलून धरलं, तरी पुढचा एकटाच ओढत राहिला. शंभर मीटर उरले होते. दोन्ही काठांवरून लोक ओरडत होते. रणधीरने सगळं अंग डावीकडे झोकून दिलं आणि होडी उलटली.

पाण्याखाली त्याने डोळे उघडले. संग्रामचे हात अजून वल्हवत होते, वल्ह्याशिवाय. रणधीरने त्याला छातीशी आवळून वर आणलं. बचावनौका आली. संघाच्या डॉक्टर सामंतांनी मानेवरची पट्टी उपटली आणि तोंडाने त्याच्या छातीत हवा भरली. तिसऱ्या खेपेला तो खोकला.

संध्याकाळी इस्पितळात संग्राम उशीला टेकून बसला होता. सामंत बाहेर दुसऱ्या संघाच्या डॉक्टरशी हळू आवाजात बोलत होत्या.

"आपण पहिले होतो ना, दादा?"

"होतो."

"मग उलटीवली कशापायी?"

"तू श्वास घेत नव्हतास."

संग्रामने मान खाली घातली. रणधीरला वाटलं, तो रुसलाय. पण तो चादरीवर बोटं आपटत होता. चार वेळा आपटली की छाती फुगवायचा, पुन्हा चार वेळा.

"काय करतोयस?"

"मोजतोय." त्याने थांबून छाती फुगवली. "धाप लागंना, दादा. हवा पायजे असं आतनं कायच येत न्हाई. दुपारपासनं आठवून आठवून घेतोय."

"पट्टी तर काढलीय."

"काढलीय की."

रणधीर दाराकडे धावला, सामंतांना हाक मारली. त्या आत आल्या आणि बोटं बघून जागीच थबकल्या. "श्वासाचं यंत्र आणा," त्या परिचारिकेला म्हणाल्या. यंत्र किती दिवस लागेल, असं रणधीरने विचारलं. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती, नकाराचीही नव्हती.

संग्रामने भावाचं मनगट धरलं. त्याच्या पापण्या जड होत चालल्या होत्या.

"झोप यायला लागलीय, दादा. झोपल्यावर कोण मोजणार?"