एका मिनिटाचा नमुना

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. वाद घालायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. पण हे माझ्याच दुकानात घडलंय. मंगळवारी, भर दुपारी चार वाजता.

बिघडलेल्या फायली दुरुस्त करणं हा माझा धंदा. एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाइकं मला 'डॉक्टर' म्हणतात. बायको म्हणते, "कसला डॉक्टर? पेशंट मेल्यावर औषध देणारा!"

त्या दिवशी सकाळपासून मान वर करायला फुरसत नव्हती. डोळे चुरचुरत होते. शेवटचं काम एका ताईंचं होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांचे मिस्टर गेले. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी बायकोसाठी आपल्या फोनवर सात रेकॉर्डिंग करून ठेवली होती.

एकही उघडत नव्हतं.

"दादा, एक तरी उघडून द्या," ताई म्हणाल्या. "फोटो ढीगभर आहेत. पण मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय हो."

मला भरून आलं. म्हटलं, फोन ठेवून जा, संध्याकाळी या.

अशा कामाला नमुना लागतो. त्याच फोनवर एक नवीन, धडधाकट रेकॉर्डिंग करायचं. त्याची घडण बघून प्रोग्रॅम मोडक्या फायली सांधतो. मी दार लावलं, पंखा बंद केला आणि मिनिटभर गप्प बसून रिकाम्या दुकानाचंच रेकॉर्डिंग केलं. त्याची कॉपी कॉम्प्युटरवर घेतली.

पहिली फाइल… नाही.

दुसरी… नाही.

सातवीपर्यंत तेच.

म्हटलं, नमुन्यातच खोट असेल. हेडफोन लावले आणि नमुना ऐकायला बसलो.

दहा सेकंद. शांतता.

वीस. माझ्या खुर्चीची करकर.

तीस…

कुणीतरी खोकलं.

मी खोकलो नव्हतो. दुकानात दुसरं कुणीच नव्हतं.

मग एक पुरुष बोलला. दमलेला, हळू आवाज… अगदी फोनजवळ तोंड आणून.

"त्या उघडू नका. सातही वेळा रडलोय मी… तिला नका ऐकवू."

मिनिट संपलं.

मी हेडफोन काढून ठेवले. पुन्हा ऐकायची छाती झाली नाही.

संध्याकाळी ताई आल्या.

"निघालं का काही?"

"नाही, ताई."

"एक शब्दसुद्धा नाही?"

मी नुसती मान हलवली. एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकाशी असं खोटं बोललो नव्हतो. माझी मलाच लाज वाटली. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि गेल्या.

काम झालं की गिऱ्हाइकाच्या फोनमधून नमुना पुसायचा, हा माझा नियम. त्या दिवशी पुसायचा राहिला. घरी जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं.

सकाळी दुकान उघडतोय तोच ताईंचा फोन. त्या रडत होत्या. मला वाटलं, संपलं सगळं.

"दादा, खोटं कशाला बोललात? एक निघालंय की!"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"हसतायत हो ते! मिनिटभर नुसते हसतायत. असेच हसायचे, आधी खोकायचे आणि मग…"

मी होतो तिथेच पायरीवर टेकलो.

"हे हॉस्पिटलमधलं वाटत नाही. कधीचं आहे हो, दादा?"

काय सांगणार होतो? काल दुपारी चारचं?

"जुनं असेल, ताई," मी म्हणालो.

माझ्याकडची कॉपी अजून कॉम्प्युटरवर तशीच आहे. तिला मी हात लावलेला नाही. हल्ली दुकानाचं दार मात्र उघडंच ठेवतो, गिऱ्हाईक असो वा नसो.