डब्यातला हिरवा दिवा

मी सांगणार आहे ते घडलेले आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी इथेच थांबावे. माझ्या वयाच्या बाईला कोणाची खात्री पटवून देण्याची हौस उरलेली नसते.

भुते रात्री येतात असे म्हणतात.

माझ्या घरी जे आले ते भर दुपारी आले... नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चर्चहून परतल्यावर, शेगडीवर जेवण शिजत असताना.

पूर्व केंटकीत, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी माझे घर आहे. माझे नाव ऑर्लीना कॉडिल. नशेच्या गोळ्या आणि फेंटानिलची पूड यांच्या विळख्यातून सुटू पाहणाऱ्या बायका माझ्याकडे राहतात. पहाटे गाडी त्यांना क्लिनिकवर नेते. तिथल्या खिडकीपाशी त्या नशेची ओढ आवरणारे आपले औषध पितात आणि परत येऊन घरकामाला लागतात. सगळ्याजणी मला मॅमॉ म्हणतात. आमच्याकडे आजीला तसेच म्हणतात. त्यांच्यात माझी खरी नात एकच.

टॅन्सी.

तिची आई, माझी मुलगी, याच व्यसनाने गेली. माझ्या रक्ताचे म्हणावे असे आता या पोरीखेरीज कोणी नाही.

माझ्या घराचा एक नियम होता. सिगरेट मागच्या ओसरीवर उघड ओढावी; व्हेप, म्हणजे वासाची वाफ ओढायची ती बॅटरीवरची नळी, मात्र आल्या दिवशीच माझ्या हवाली करावा. ते सारे स्वयंपाकघराच्या फळीवर, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात राहत; शेजारी, नशेने कोणाचा श्वास अडला तर नाकात मारायचा औषधाचा फवारा. घर सोडताना जिचा तिने न्यावा.

त्यात एक हिरवा होता...

तो टॉनियाचा. टॉनिया टॅन्सीच्या खोलीत राहायची. माझी पाठ वळली की दोघी तो व्हेप डब्यातून लांबवत, वरच्या न्हाणीघराला आतून कडी घालत आणि आवाज लपवायला नळ सोडून ठेवत. हिरव्या सफरचंदाचा वास जिन्यापर्यंत यायचा. म्हातारीला कळत नाही असे त्यांना वाटे.

ईस्टरला टॉनिया आपल्या मुलाला भेटायला गेली. दारातून ओरडली, "माझा व्हेप सांभाळा हं मॅमॉ! परत आले की भांडून घेईन!"

ती परत आली नाही. हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपाच्या शौचालयात ती सापडली.

दार आतून बंद होते.

तिला पुरून आल्यानंतर काही आठवड्यांनी वरच्या बोळात तो वास पुन्हा यायला लागला. कच्च्या, गोड सफरचंदाचा. मी डबा उघडून पाहिला. सगळे व्हेप जागच्या जागी. हिरवा थंडगार, त्याची बॅटरी कधीच संपलेली.

मग नळाचा आवाज...

वर जावे, तर न्हाणीघर रिकामे. बेसिन कोरडे.

मी कोणाला काही बोलले नाही. घर चालवणाऱ्या बाईने घाबरलेले दिसू नये, हे मी माझ्या आईकडून शिकले.

त्या रविवारी शेगडीवर बीन्स रटरटत होते आणि मक्याचा पाव भट्टीत फुगत होता. डेल्मा कांदा चिरत होती. ती पन्नाशीची, दांडगी बाई; तोंडाला कुलूप नाही. रोझली ताटे मांडत होती. ती वयाने लहान, सगळे मनाला लावून घेणारी. टॅन्सी खिडकीशी उभी होती.

"मॅमॉ, हा न्याय कुठला ते सांगा," डेल्मा म्हणाली. "धुराड्यासारखी सिगरेट ओढली तर चालते, आणि ती एवढीशी नळी चालत नाही?"

"तंबाखू मी माझ्या हाताने पिकवली आहे. तिच्यात काय असते ते मला ठाऊक आहे. त्या नळीत काय असते ते तुला ठाऊक आहे?"

"अहो, हेरॉइनमध्ये काय होतं ते तरी मी कुठं विचारलं होतं!"

रोझलीच्या हातातले ताट हसता हसता निसटणार होते.

"क्लिनिकमधली बाई म्हणते, सिगरेटपेक्षा व्हेप बरा," ती म्हणाली. "पाद्री म्हणतो, दोन्ही टाका. माझी बहीण म्हणते, एक नशा सोडून दुसरी धरलीस, मग सुटलीस कुठं? मी म्हणते, बायांनो, एका वेळी एकच सैतान हाकलू द्या की मला!"

"हाताला काहीतरी लागतं गं," टॅन्सी खिडकीकडेच बघत म्हणाली. "हात रिकामा राहिला की त्याला जुनं आठवतं. मॅमॉ, तुला नाही कळायचं."

"मला न कळण्यासारखे या घरात काही नाही. हात धुऊन ये. जेवण तयार आहे."

ती वर गेली.

थोड्या वेळाने वर नळ सुरू झाला...

डेल्मा पाव झाकायला वरच्या बोळातल्या कपाटातून कापड आणायला गेली. आली ती रिकाम्या हाताने. तिने रोझलीला डोळा घातला. दोघी गालात हसल्या.

मग मलाही तो वास आला.

"कोण ओढते आहे वर?"

"असू द्या ना मॅमॉ," डेल्मा म्हणाली. "बिचारी दोन झुरके घेईल आणि येईल. रविवार आहे."

मी फळीवरून डबा काढला. चोरी रंगेहाथ पकडावी म्हणून झाकण उघडले.

सगळे व्हेप आत होते. टॅन्सीचासुद्धा.

आणि हिरव्याच्या टोकाचा दिवा पेटला...

कोणी झुरका घेतला की तो दिवा पेटतो, सोडला की विझतो. एवढे मलाही ठाऊक होते. पण तो डब्यात पडून होता. त्याला कोणाचे ओठ लागलेले नव्हते.

दिवा विझला.

पुन्हा पेटला...

विझला.

मी बघत राहिले. दोन पेटण्यांमधले अंतर वाढत होते. उजेड फिका होत होता. हे असे मंद होत जाणे मी पूर्वी पाहिले होते. माझ्या मुलीच्या उशाशी बसून पाहिले होते.

तो श्वास होता.

दिवा विझला... आणि पेटलाच नाही.

"डेल्मा! फवारा घे आणि वर चल!"

जिना मी कशी चढले ते मला सांगता येणार नाही. बोळात सफरचंदाचा वास इतका दाट होता की घशात बसला. दाराला आतून कडी. मी हाक मारली. 

डेल्माने खांद्याने दार फोडले.

टॅन्सी जमिनीवर पडली होती. ओठ निळे.

नळ बंद होता. बेसिन कोरडे. आणि आत... आत कसलाच वास नव्हता. तो फक्त दाराबाहेर होता.

डेल्माने तिच्या नाकात फवारा मारला. तोंडाला तोंड लावून श्वास भरला. पुन्हा फवारा मारला. खाली रोझली फोनवर रडत पत्ता सांगत होती. मी पोरीचे डोके मांडीवर घेऊन तिला आज्ञा करत होते. श्वास घे. मी सांगते आहे, टॅन्सी, श्वास घे.

तिने घेतला.

रुग्णवाहिका गेल्यावर डेल्मा ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. 

"मॅमॉ, मी कपाटापाशी गेले तेव्हा दार वाजवणारच होते. फार वेळ झाला होता तिला. पण तो वास आला... आमच्यात ठरलेलं आहे. वास आला की दार वाजवायचं नाही. म्हणून मी मागे फिरले."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात टॅन्सीने डोळे उघडले. नशेचे ते विष तिला कोणी दिले, हे तिने सांगितले नाही. मी आल्याचा तिला आनंदही दिसला नाही.

"तू कशाला आलीस वर?" ती म्हणाली. "टॉनिया दाराबाहेर बसली होती. म्हणाली, निवांत बस. आज कोणी दार वाजवणार नाही."

मग डब्यातला दिवा मला कोणी दाखवला?

याचे उत्तर माझ्याकडे नाही. टॉनियाने पोरीला वाचवले की तिला न्यायला ती दाराशी राखण करत होती, हे मी ठरवू शकलेले नाही. आणि मी आयुष्यात फारशा गोष्टी अनिर्णित ठेवलेल्या नाहीत.

हिरवा व्हेप मी टॉनियाच्या थडग्याशी नेऊन पुरला. घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. आता ज्यांना ओढायचे त्यांनी पुढच्या ओसरीवर, माझ्या डोळ्यांसमोर ओढावे. सिगरेट असो की व्हेप.

टॅन्सी घरी परतली आहे. ती रोज क्लिनिकला जाते, मनापासून जाते. संध्याकाळी ओसरीच्या झोपाळ्यावर बसून आपला आंब्याच्या वासाचा व्हेप ओढते. मी खुर्चीत बसून तिच्या तोंडून निघणारा ढग बघते. ढग दिसतो तोवर पोर श्वास घेते आहे.

काल वारा पडला होता. आंब्याचा वास जागीच रेंगाळत होता.

आणि त्यात हळूच दुसरा वास मिसळला...

मी टॅन्सीकडे पाहिले. तिने मान वळवली नाही. पण ती झोपाळ्यावर किंचित सरकली... कोणाला तरी बसायला जागा करून दिल्यासारखी.